नागपूरचा मे महिना आणि मोशन सेन्सर: एकट्या राहणाऱ्या आईसाठी भरवशाचं काही सुचवा

विदर्भकन्या:
आई ७६ वर्षांची, नागपूरला एकटी राहते, मी पुण्यात. घरात कॅमेरा तिला नको आहे आणि तिचं बरोबरच आहे. म्हणून खोल्यांत मोशन सेन्सर (पीआयआर) बसवले. सकाळी नऊपर्यंत स्वयंपाकघरात हालचाल दिसली नाही तर मला मेसेज येतो. थंडीत सगळं सुरळीत होतं. आता भर दुपारी आई घरात फिरत असते आणि अ‍ॅप म्हणतं 'हालचाल नाही'. उलट कूलर लावला की रिकाम्या हॉलमध्ये कुणीतरी दिसतं. खोट्या सूचनांची सवय होऊन खरी सूचना हातची जाईल, याची फार भीती वाटते. कंपनी बदलू? की हालचाल ओळखणारं स्मार्ट घड्याळ घ्यावं?

सोल्डरगन:
ताई, कंपनी बदलून उपयोग नाही. पीआयआर उष्णतेतला फरक टिपतो. आपली त्वचा साधारण ३३ ते ३५ अंशांची. भिंती आणि फरशी तेवढ्याच तापल्या की त्याला माणूस वेगळा दिसत नाही. सेन्सर कूलरच्या झोतासमोरून आणि पडद्यांसमोरून हलवा.

त्याहून महत्त्वाचं, उष्णतेशी संबंध नसलेल्या खुणा जोडा. फ्रिजच्या आणि बाथरूमच्या दाराला चुंबकाचा सेन्सर, टीव्हीला वीज मोजणारा स्मार्ट प्लग. पारा ४५ वर गेला तरी फ्रिज उघडला की कळणारच. मिलिमीटर-वेव्ह रडारला (रेडिओ लहरी सोडून बारीक हालचाल टिपणारा सेन्सर) स्वस्थ बसलेला माणूसही कळतो, पण पंखा त्याच्या टप्प्यात आला तर रिकाम्या खोलीतही तो माणूस दाखवत राहील. तुमच्यासाठी ही चूक जास्त घातक, कारण मग सूचना येणारच नाही.

आणि 'आई हलली नाही' व 'सेन्सर बंद आहे' यांचे मेसेज वेगळे ठेवा. सेल संपतात, लाइट जाते. हब (सगळे सेन्सर ज्याला जोडलेले असतात ती डबी) आणि राउटर इन्व्हर्टरवर घ्या.

विदा_वाली:
घड्याळाच्या जाहिरातीतले अचूकतेचे टक्के बघून ठरवू नका. माणसाची हालचाल ओळखणाऱ्या प्रोग्रामसाठी सर्रास वापरला जाणारा युसीआयचा (कॅलिफोर्निया विद्यापीठ, अर्व्हाइन यांच्या संग्रहातला) डेटा ३० जणांचा आहे, वयं १९ ते ४८, फोन कमरेला बांधलेला. भिंत धरून चालणारी आजी त्यात नाहीच. शिवाय पुष्कळ ठिकाणी एकाच माणसाच्या नोंदी प्रोग्रामला शिकवायलाही वापरतात आणि तपासायलाही, मग आकडा फुगतो. विचारायचं ते हे: कधीच न पाहिलेल्या माणसावर किती चालतं?

आईच्या घरच्या नोंदीच खऱ्या. दोन-तीन आठवडे तिला फोनवर विचारून चहा, पूजा, झोप यांच्या वेळा लिहा, त्यावरून सूचनेचे नियम ठरवा आणि ते त्यानंतरच्या आठवड्यांवर तपासा. ऋतू बदलला की पुन्हा. कामाला मावशी येत असतील तर तो वेळ वगळा.

विदर्भकन्या:
मावशी साडेआठला येतात. म्हणजे नऊची अट त्यांच्यामुळेच पूर्ण होत असणार! मग आईची खूण कुठली धरू?

सोल्डरगन:
सकाळी मुख्य दार पहिल्यांदा उघडण्याआधीची. आई सहाला उठत असेल तर सातपर्यंत बाथरूमचं दार हललं पाहिजे. नाही हललं तर आधी तिला फोन, तिने उचलला नाही तर किल्ली असलेल्या शेजाऱ्यांना.