'मैलागणिक' की 'मैलपट्टी'?

खाडीकाठ: अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात २०१५पासून एक ऐच्छिक योजना आहे. पेट्रोलवरच्या कराऐवजी गाडी धावेल तितक्या मैलांचे पैसे भरायचे. विजेच्या गाड्या पेट्रोल पीतच नाहीत, मग रस्त्याचा खर्च कोणाच्या माथी, यातून ती निघाली. लेखासाठी शब्द हवाय. 'मैलपट्टी' चालेल?

सड्यावरचा: लोक गटाराचं बिल समजतील. शिवाय घरपट्टी, पाणीपट्टी जागच्या जागी असलेल्या वस्तूवर बसते. फिरत्या गाडीला ती चिकटत नाही. 'अंतरपट्टी' म्हणाल तर गाडीसमोर अंतरपाट धरल्यासारखं वाटेल.

सुपारीबाग: नवा शब्द पाडायचाच कशाला? '-गणिक' आहे की. मैलागणिक आकार. आमचे आजोबा सांगत, तरीवाल्याला, म्हणजे नावाड्याला, खेपेगणिक पैसे नसत, सुगीला भात घालत. रोज पलीकडे जाणारा नि शिमग्याला एकदाच जाणारा, दोघांचं माप सारखं, म्हणून कुरबुरी. आता उलटं होईल. शहरात जवळ राहणारा थोडक्यात सुटेल आणि दवाखान्यासाठी गुहागरहून चिपळूण गाठणारा भरत बसेल. हौस म्हणून जातो का तो?

खाडीकाठ: हे लेखात घेतो. आणि मैल मोजताना गाडी कुठे गेली तेही कळू शकतं. त्या मुद्द्याला 'गोपनीयता' लिहू की 'खासगीपणा'?

सड्यावरचा: खासगीपणा. गोपनीय म्हणजे शिक्का मारून लपवलेलं. मी कुठे गेलो ते लपवायचं नसतं, फक्त सगळ्यांना सांगायचं नसतं. पूर्वी 'खासगी' म्हणजे राजघराण्याचा घरचा कारभार, दौलतीच्या म्हणजे राज्याच्या कारभारापासून वेगळा. होळकरांची खासगी आठवा. २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुमच्याआमच्या खासगीपणालाही मूलभूत हक्क म्हटलं. आणखी एक, 'मोजणी' नि 'पाळत' यांची सरमिसळ नको. न्यूझीलंडात डिझेल गाड्यांसाठी १,००० किलोमीटरच्या पटीत परवाना आगाऊ घ्यावा लागतो. तिथे गाडीच्या मीटरवरचा किलोमीटरचा आकडा बघून भागतं. ओरेगॉनमध्येही उपग्रहाशिवायचं यंत्र घेता येतं. ठावठिकाणा नोंदला की ती पाळत.

सुपारीबाग: मग दाभोळ-धोपावे फेरीबोटीत चढवलेली गाडी? चाकं जाम, पण उपग्रहाला ती चाललेलीच दिसणार.

खाडीकाठ: आणि खाडीचे पैसे बोटवाल्याने आधीच घेतलेले!

सड्यावरचा: म्हणून लेखात 'धावलेले मैल' लिहा. 'गेलेले' नको.