मदत हवी आहे: ऊसतोडीच्या पट्ट्यातल्या शाळेत करिअर मार्गदर्शन नेमकं करावं कसं?

नमस्कार मंडळी. बीड जिल्ह्यात धारूर-वडवणीच्या डोंगरपट्ट्यात एका अनुदानित हायस्कूलवर गणित-विज्ञान शिकवतो. या वर्षी मुख्याध्यापकांनी "सर, करिअर मार्गदर्शनाचं तुमच्याकडं" म्हणून रजिस्टर हातात दिलं, आता ते कशानं भरायचं हे विचारायला इथं आलोय. थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आधी सध्या काय चालतं ते सांगतो. दरसाल जानेवारी-फेब्रुवारीत एक कार्यक्रम होतो. शहरातला कुणी क्लासवाला येतो, बॅनर त्याचं, शाल-नारळ आपलं, आन् दोन तास नीट, जेईई, लातूर पॅटर्न. शेवटी क्लासचं नाव छापलेले पॅड वाटतेत. लेकरं खूश, फोटो ग्रुपवर, रजिस्टरला नोंद. लातूरला नावं ठेवायची नाहीत मला, तिथं शिकून इथली लेकरं डॉक्टर झालेली आहेत. पण वर्गातल्या दोघा-तिघांच्या कामाचं बोलणं सगळ्या वर्गाला ऐकवायचं आन् त्याला मार्गदर्शन म्हणायचं, हे काही पटंना.

बाकीच्यांचं काय? पोरांना विचारलं तर पोलीस भरती नाहीतर आर्मी, पोरींना विचारलं तर पोलीस, नर्स, मॅडम. तेवढंच दिसतं हो त्यांना. गावात पगार घेणारं माणूस म्हणजे शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी, सिस्टर आन् सुट्टीवर आलेला फौजी. २०१६ पासून काही वर्षं दहावीला कल चाचणी होती, आठवत असेल, त्यात 'गणवेशधारी सेवा' असा एक गट होता, आमच्याकडं निम्म्या वर्गाचा कल तिकडंच निघायचा. कल कसला, जे पाहिलं त्यालाच टिक केलं.

नववीतल्या एका मुलीचं सांगतो. आईबाप कोयत्यावर, म्हणजे ऊस तोडायला, जातेत, ही आजीपाशी राहते. हिच्या दप्तरात एक छोटी वही असती, त्यात बापाच्या कोयत्याचा सगळा हिशोब. उचल (आगाऊ रक्कम) किती घेतली, कोणत्या तारखेला कोणती गाडी भरली, किती टन निघाला, खाडे किती पडले, वाढे (उसाचे शेंडे) विकून किती आले. बाप रात्री फोनवर आकडे सांगतो, ही लिहून घेती आन् पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की मुकादमाच्या (टोळी नेणाऱ्या ठेकेदाराच्या) हिशोबाशी ताडून बघती. गेल्या हंगामात मुकादमाच्या वहीत दोन गाड्या धरलेल्याच नव्हत्या, त्या हिनं काढल्या. आता हिला विचारलं पुढं काय करायचं, तर म्हणे पोलीस. म्हणलं पळायला आवडतं का? तर नाही. कॉमर्स म्हणून एक शाखा असती, बँकेत, सोसायटीत, कारखान्याच्या शेतकी ऑफिसात, टॅक्सच्या कामात अशीच वही सांभाळणारी माणसं लागतेत, हे हिला कुणी कधी सांगितलंच नाही. आन् सांगून तरी काय, जवळच्या कॉलेजात आर्ट्स नाहीतर सायन्स, कॉमर्ससाठी तालुक्याला जावं लागतं आन् एसटी दिवसातून दोनदा.

दुसरी अडचण पालकांची. दिवाळीच्या आगंमागं गाव रिकामं होतं ते मार्च-एप्रिललाच भरतं. शाळेचे पालक मेळावे बरोबर या मधल्या काळात, म्हणजे येणार कोण, तर आजा-आजी. मग मे मधे निकाल लागतो आन् एकदम धावपळ. २०२५ पासून अकरावी प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झालेत, दहा कॉलेजांपर्यंत पसंती भरता येती, ती पसंती आमच्याकडं बहुतेकदा नेट कॅफेवालाच ठरवतो, "कुठलं टाकू?" "टाका चांगलं बघून." झालं लेकराचं करिअर!

पोरींचं तर अजून अवघड. दहावी झाली की स्थळं सुरू, कारण तोडीला जाताना तरणी पोर कुणाच्या भरवशावर ठेवायची हा आईबापाचा प्रश्न खरा आहे, त्याला नुस्तं भाषणानं उत्तर मिळत नाही. २०२४ च्या जुलैत मुलींच्या फी माफीचा जीआर निघाला, तो गावात "पोरींना आता सगळंच फुकट" असा पोचला. प्रत्यक्षात माफी आहे ती व्यावसायिक कोर्सच्या शिक्षण शुल्काला आन् परीक्षा शुल्काला, उत्पन्न आठ लाखाच्या आत पाहिजे, प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून, पाहिजे. राहणं-खाणं वेगळं. खरा खर्च तर तोच.

तर मला विचारायचंय ते हे. हाताशी आठवड्याला कार्यानुभवाची एखादी तासिका आहे, प्रवासाला पैसा जवळपास नाही, गावात रेंज येती-जाती. एवढ्यात भाषण सोडून दुसरं काय करता येईल? कुणी आपल्या शाळेत काही केलंय का? आन् पालक गावात असतात त्या थोड्या दिवसांत त्यांच्याशी नेमकं काय बोलावं? चाचण्यांच्या लिंका कृपया पाठवू नका, कल चाचणीनं पोट भरलंय.

कानसवाला
सर, मी आयटीआयला निदेशक आहे, परभणी जिल्ह्यात. सांगत बसू नका, लेकरं आणून दाखवा. तुमच्या जवळच्या सरकारी आयटीआयच्या प्राचार्यांना शाळेच्या लेटरहेडवर पत्र द्या, वर्कशॉप चालू असलेल्या दिवशीच या, सुट्टीत रिकामे शेड बघून काही होत नाही. आमच्याकडं शाळा येतेत तेव्हा मी फिटरच्या पोरांना बाजूला करून पाहुण्या लेकरांच्या हातात कानस देतो, लोखंडाची पट्टी सपाट करायला लावतो आन् गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) लावून बघ म्हणतो उजेड दिसतो का. कुणी पाच मिनिटात कंटाळतं, कुणी बेल झाली तरी सोडंना. तिथंच कळतं. आन् एक गोष्ट पालकांना पक्की सांगा, आयटीआय म्हणजे शिक्षण संपलं असं नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केला तर पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, तिथून पुढं इंजिनिअरिंगला पण. अप्रेंटिसशिपला विद्यावेतन मिळतं ते वेगळं.

पुणेकर_झालेला_बीडकर
मी आयटीत आहे. रविवारी झूमवर फ्री सेशन घेतो, आजकाल कोडिंग आलं की डिग्रीची पण गरज नाही. सगळ्यांना पायथन शिकवा, बाकी सोडा.

धागाकर्ता
दादा, मनापासून धन्यवाद, पण सगळ्यांना नीट आन् सगळ्यांना पायथन यात मला फरक दिसंना. त्यापेक्षा एक करता का, तुमच्या ऑफिसात कोडिंग न करणारी माणसं कोण-कोण आहेत, कॅन्टीनवाल्यापासून अकाउंट्सपर्यंत, ते काय शिकलेत आन् दिवसभर काय करतेत, असे दोन-दोन मिनिटाचे व्हिडिओ मोबाइलवर काढून पाठवा. रेंज आली की उतरवून घेतो.

पुणेकर_झालेला_बीडकर
हे भारी आहे सर. आमचा एसी-मेन्टेनन्सवाला केजचाच निघालाय, त्याच्यापासून सुरुवात करतो.

दाखले_आणि_दगदग
तहसीलसमोर सेतू, म्हणजे दाखले काढून द्यायचं केंद्र, चालवतो. पालकांशी काय बोलावं विचारलंत ना? पहिलं कागदांचं बोला, स्वप्नांचं नंतर. पॉलिटेक्निक असो की सीईटीचा प्रवेश, राखीव जागेवर जात वैधता (जातीचा दाखला तपासून मिळणारं प्रमाणपत्र) लागते, आन् माणसं येतेत निकालानंतर! पुरावा एनटीला (भटक्या जमातींना) २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा लागतो, ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. आजा शाळेत गेलेलाच नसतो, मग चुलत आजा शोधा, जमिनीचं जुनं खासरा पत्रक काढा, कोतवाल बुकातली (गावच्या जुन्या जन्म-मृत्यूच्या वहीतली) नोंद शोधा, आपल्या निजामी मुलखात त्यातलं काही उर्दूत निघतं, ते वाचणारा माणूस गाठा. महिने जातेत. म्हणून नववीच्या लेकरांना आत्ताच घरातल्या जुन्या माणसांची वंशावळ लिहून आणायला लावा, कोण कुठल्या शाळेत होता ते पण. आजा-आजी मेळाव्याला येतेत म्हणून तुम्ही नाराज दिसता, पण या कामाला तेच पाहिजेत.

सिस्टर_अंबाजोगाई
सर, पोरींना आमच्या सरकारी दवाखान्यात आणायची परवानगी मागून बघा. डॉक्टर-नर्स सोडून एक्स-रे काढणारे, लॅबमधे रक्त तपासणारे, औषध देणारे, ऑपरेशन थिएटरमधे मशीन सांभाळणारे किती लोक असतात ते बघूद्या. जीएनएम हे नर्सिंगचं शिक्षण तीन वर्षांचं आहे, बारावी आर्ट्सवाल्या मुलींनाही जमतं, हे तर बऱ्याच शाळांत माहीतच नाही. आणि येताना पोरीसोबत एखादी आई येऊ शकली तर तिला होस्टेल आतून दाखवा, गेटला कुलूप कधी लागतं, रेक्टर कोण आहे ते तिला प्रत्यक्ष विचारूद्या. माझी आई अशीच येऊन बघून गेली होती, मग घरात माझ्या बाजूनं तीच भांडली.

धागाकर्ता
ताई, आई आणायची तर एप्रिलच्या पुढं धरावं लागेल, पट्टा पडल्यावर. शाळेला सुट्ट्या लागायच्या आत जमवतो. वंशावळीचं उद्यापासूनच सुरू करतो, आजीलोकांना बोलवायला निमित्त पण झालं. कानसवाले सर, एसटी प्रासंगिक करारावर (अख्खी गाडी भाड्यानं) शैक्षणिक सहलीला निम्म्या भाड्यात मिळती, त्यामुळं एक फेरी तरी परवडेल असं वाटतंय. दोन गोष्टी सांगा, पत्र किती दिवस आधी द्यावं, आन् पोरींना पण कानस देता ना? मागं एका ठिकाणी पोरींना नुस्तं शिवणकामाच्या खोलीत बसवलं होतं.

कानसवाला
पत्र पंधरा दिवस आधी द्या आन् दोन दिवस आधी फोन करून आठवण करा, परीक्षा चालू असली तर वर्कशॉप बंद असतं. पोरींना कानस पण देतो आन् वेल्डिंगचा चष्मा पण. आमच्या इलेक्ट्रिशियनच्या बॅचला पोरी आहेत, बोलायला त्यांनाच पुढं करतो. फक्त सगळ्यांना पायात बूट घालून आणा, चपलेवर वर्कशॉपमधे सोडता येत नाही.