बसऱ्याच्या स्मारकावर पणजोबांचं नाव का नाही
वर एकांनी विचारलंय, पणजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात (आजच्या इराकात) पडले, मग तिथल्या बसऱ्याच्या स्मारकावर नाव का नाही? गोऱ्या साध्या शिपायाचंही नाव तिथे कोरलंय. हिंदी (भारतीय) हवालदार-शिपायांचा मात्र पलटणीखाली नुसता आकडा. हा उघड वर्णभेदच. अशी स्मारकं सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने (CWGC) २०२१ मध्ये त्याबद्दल माफीही मागितली.

नावं नोंदवहीत आहेत, आयोगाच्या संकेतस्थळावर दिसतात. आडनावावर विसंबू नका, स्पेलिंग कारकुनाने ऐकलं तसं आहे. ‘११० मराठा’, ‘११७ मराठा’ अशी जुनी पलटण शोधात टाका. १९२२ मध्ये पलटणींचे नंबर बदलले, ते नंतरचे नंबर चालत नाहीत. मग वडिलांचं नाव, गाव ताडून पाहा (प्रत्येक नोंदीत नसतं). तासगाव-वाळव्याची माणसं ‘सातारा’त शोधा, सांगली जिल्हा तेव्हा नव्हताच.