कथा शिकून लिहिता येते का?

समास (धागाकर्ता)

"कथा आतून यावी लागते, ती शिकवून येत नाही" असं आपण इतक्या सहज म्हणतो की नव्याने लिहिणारा ते निमूट मान्य करून बसतो. मला हे पटत नाही. गाणारा रियाज करतो, चित्रकार वह्याच्या वह्या रेखाटनांनी भरतो. त्यांना कुणी म्हणत नाही की शिकलात कशाला. मग कथाकारानेच हात घडवायचा नाही, असं का?

माझा अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका मासिकाकडे कथा पाठवली होती. बारा वर्षांची मुलगी, तिचे वडील, आणि सगळं निवेदन मुलीच्या नजरेतून. कथा साभार परत आली, पण संपादकांनी एका वाक्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली होती. वाक्य होतं, "वडिलांच्या मनात अपराधीपणाची भावना दाटून आली." समासात चारच शब्द लिहिले होते: "हे तिला कसं कळलं?"

तो प्रश्न आठवडाभर डोक्यातून जाईना. शेवटी वाक्य असं झालं: "वडील बराच वेळ चपला शोधत राहिले. चपला त्यांच्या पायांपुढेच होत्या."

मुलीला जेवढं दिसलं तेवढंच कागदावर आलं. यासाठी प्रतिभेचा साक्षात्कार लागला नाही. कथा कुणाच्या डोळ्यांनी चालली आहे हे शेवटपर्यंत धरून ठेवायची शिस्त लागली, आणि शिस्त शिकवता येते. संवाद कुठे तोडायचा, सुरुवात कुठून करायची (माझ्या बाबतीत पहिलं पान काढून टाकलं की बहुतेकदा खरी सुरुवात सापडते), हेही शिकवता येतं. रशियन कथाकार चेखव्हने 1886 मध्ये भावाला पत्रातून सुचवलं होतं की चांदणी रात्र दाखवायची तर बंधाऱ्यावर पडलेल्या फुटक्या बाटलीच्या काचेचा तुकडा चमकताना दाखव. थोरला भाऊही लिहिणाराच होता. म्हणजे हे शिकवणंच झालं की!

काठावरची

चपलांचं वाक्य चांगलं जमलंय, त्याबद्दल वाद नाही. माझी हरकत पुढची आहे. लेखन शिबिरांतून आलेल्या कथा मी बऱ्याच वाचते आणि अलीकडे त्या एकाच हाताने लिहिल्यासारख्या वाटायला लागल्या आहेत. एखादी वस्तू, गप्प बसलेलं माणूस, आणि मधेच सोडून दिलेला शेवट. "सांगू नका, दाखवा" हा मंत्र इतका घोटून घेतलाय की कुणी सरळ काही सांगतच नाही. आजी गोष्ट सांगते तेव्हा "राजा फार दुष्ट होता" असं बेधडक सांगते, आणि आपण कान टवकारतो. सांगणं ही कथेची जुनी ताकद आहे. शिकवणीत पहिला बळी तिचाच जातो.

जुना वाचक

काठावरची यांच्याशी सहमत. आपल्याच भाषेतलं उदाहरण घ्या. ना. सी. फडक्यांनी 1931 मध्ये 'प्रतिभासाधन' लिहून कथा-कादंबरीचं तंत्र मांडलं. त्यावर पोसलेली कथा नीटनेटकी झाली, पण पुढे ती साचेबंद वाटायला लागली. मग गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर यांची नव्या वळणाची कथा, म्हणजे नवकथा, आली आणि तो साचा मोडला गेला. आज आपण कुणाच्या कथा पुन्हा उघडतो? साचा मोडणाऱ्यांच्या.

अर्धविराम

साचा मोडायला तो आधी हाताला ठाऊक असावा लागतो, जुना वाचक. आणि नवकथा काय तंत्राशिवाय लिहिली गेली? घटना मागे सारून माणसाच्या मनात शिरणं, काळ मागेपुढे करणं, विचारांचा ओघ तुटक वाक्यांत पकडणं, ही सगळी तंत्रंच आहेत. फडक्यांच्या तंत्रापेक्षा वेगळी, एवढंच. अमेरिकन कथाकार एडगर ॲलन पो 1842 मध्येच लिहून गेला की कथा एका बैठकीत वाचून व्हावी आणि तिच्यातला प्रत्येक शब्द एकाच परिणामाकडे नेणारा असावा. त्याचं ऐकून कुणी छोटा पो झालं नाही. पण कथा पसरट का होते, हे पुष्कळांना कळलं.

रात्रपाळी

वाद वाचतोय, पण मला एक साधी गोष्ट हवी आहे. नोकरी सांभाळून रोज तासभर मिळतो. त्या तासात काय करू?

समास

रात्रपाळी, आवडती एक कथा घ्या आणि ती हाताने उतरवून काढा. वाचताना नजर घसरून पुढे जाते, लिहिताना हात जात नाही. लेखकाने परिच्छेद कुठे संपवला, कोणाच्या बोलण्यावर उत्तर दिलंच नाही, हे मनगटाला कळतं. दुसरं, मर्यादा घालून घ्या. चेखव्ह सुरुवातीला एका विनोदी साप्ताहिकासाठी लिहायचा तेव्हा शंभर ओळींची अट असायची. त्याचं वैद्यकीचं शिक्षणही तेव्हा चालूच होतं. तिसरं, लिहिलेलं मोठ्याने वाचा. जीभ जिथे अडखळते तिथे पात्र बोलत नसतं, आपण बोलत असतो.

काठावरची

हे तिन्ही मला मान्य आहे, कारण यात शिकवणारा कुणी नाही. माणूस आणि कागद. माझा आक्षेप दुसऱ्याच्या हाताला आहे. अमेरिकन कथाकार रेमंड कार्व्हरचं उदाहरण तर प्रसिद्धच आहे. 1981 च्या त्याच्या संग्रहात संपादक गॉर्डन लिश याने मूळ मजकुराचा निम्म्याहून जास्त भाग कापला. त्या कोरड्या, तुटक शैलीचं जगभर कौतुक झालं, अनुकरण झालं. मूळ कथा 2009 मध्ये छापून आल्या तेव्हा दिसलं की त्या कितीतरी ओलसर आहेत, माणसं जास्त बोलतात, जास्त रडतात. मग लोक शिकले ते कुणाचं?

अर्धविराम

त्यातल्या काही कथा लिशच्या कापणीनंतर सरस झाल्या, असं माझं प्रामाणिक मत आहे.

जुना वाचक

आणि काहींचा जीव गेला, असं माझं.

काठावरची

समास, आता तुम्हाला थेट विचारते. राग मानू नका. तुम्ही इतकं लिहिलंत: नजर, चपला, पेन्सिलीची रेघ. पण त्या वडिलांनी केलं काय होतं? अपराधी वाटावं असं काय घडलं होतं त्या घरात? धागा वाचताना मला सगळ्यात जास्त तेच जाणून घ्यायचं होतं, आणि तुम्ही त्याबद्दल एक शब्दही लिहिलेला नाही.

समास

राग कसला? उत्तर द्यायला दोन दिवस लागले, कारण कथा काढून पुन्हा वाचली.

मुलीने मैत्रिणीला एक पत्र लिहिलेलं असतं. वडील ते पोस्टात टाकतो म्हणून घेतात आणि उघडून वाचतात. पत्रात त्यांच्याबद्दलच लिहिलेलं असतं, की ते घरात असले की तिला जिन्यात बसावंसं वाटतं. ते पत्र पुन्हा चिकटवून पेटीत टाकतात आणि संध्याकाळी तिला "जिन्यात बसू नकोस, गार लागेल" म्हणतात. मुलीला तिथेच सगळं कळतं.

माझ्या कथेत हे शेवटच्या पानावर, अडीच ओळींत आहे. बाकी सहा पानं चपला, खिडकी आणि भिंतीवरचं घड्याळ यांच्यावर खर्च झाली आहेत. नजर सांभाळायला शिकलो, आणि त्या नादात जिना मागे टाकला. आज रात्री तो पहिल्या पानावर घेतोय, आणि या वेळी मुलगी ते सरळ सांगणार आहे.

काठावरची

झालं की इथे टाका. चपला राहू द्या मात्र.