पेडियाट्रिक केस स्टडीला ओरेमची नर्सिंग थिअरी लावू की केसीचं मॉडेल?

खानापूरकर_०३: बेळगावात बीएस्सी नर्सिंग थर्ड इयरला आहे, पेडियाट्रिक पोस्टिंग चालू आहे. केस ४ वर्षांचा पोरगा, न्यूमोनिया, नेब्युलायझरचा मास्क दिसला की वॉर्ड डोक्यावर घेतोय. आई शेतावर, सोबत आज्जी. मी ओरेमची सेल्फ-केअर थिअरी (पेशंट स्वतःची काळजी घेतो, जमत नाही तिथं नर्स) लिहायलोय पण मॅडम म्हणतात की पोरगा स्वतःची काळजी स्वतः कशी घेईल? बरोबर पण वाटतंय. सोमवारी सबमिशन आहे, सांगा की कुणीतरी.

निपाणीची_सिस्टर: ओरेम चुकीचा नाही रे. तिच्यात डिपेंडंट केअर आहे बघ, म्हणजे पोराला जे जमत नाही ते घरचा माणूस करतो आणि त्यालाही जिथं जमत नाही तिथं नर्स. तुझ्या केसमध्ये तो माणूस म्हणजे आज्जी. पण तिला काय येतंय काय नाही ते विचारलास काय? आमच्याकडं बरेच जण ओरेमच्या तीन नर्सिंग सिस्टिम पाठ करून उतरवतात आणि पेशंट राहतोय बाजूलाच.

चिकोडी_ट्यूटर: मी केसी घेतला असता. ॲन केसीचं पार्टनरशिप मॉडेल, १९८८ चं, खास मुलांच्या नर्सिंगसाठीच आहे. खाऊपिऊ घालणं, अंग पुसणं ही घरच्यांची फॅमिली केअर, सलाईन-इंजेक्शन ही नर्सिंग केअर, आणि कुठलं काम कुणी करायचं ते दोघांनी बोलून ठरवायचं. ब्रिटनमध्ये एकेकाळी आईबापाला ठरल्या वेळेलाच भेटू द्यायचे, १९५९ च्या प्लॅट रिपोर्टनं सांगितलं की कधीही येऊ द्या. आपल्याकडं आज्जी कॉटखाली चटई टाकून झोपतीय, पण तिला विचारतंय कोण?

निपाणीची_सिस्टर: हे पटलं. आणि रडण्यासाठी कोल्काबाची कम्फर्ट थिअरी (पेशंटला आराम कसा द्यायचा ती) दोन ओळीत घाल. वेदना मोजायला हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचा स्केल वापर, ३ वर्षांपुढं चालतोय.

खानापूरकर_०३: आज्जीला विचारलं. ती म्हणाली मास्क म्हणू नकोस, गणपतीची सोंड म्हण. स्वतः धरून बसली, अर्धा डोस शांतपणे गेला, उरलेल्या अर्ध्यात सोंड मलाच लावायला निघाला 😅 केसीच लिहितोय. पण सुई लावताना स्टाफ आज्जीला बाहेर काढतोय, ते लिहू काय?

चिकोडी_ट्यूटर: लिही की. व्हायवाला पहिला प्रश्न त्याच्यावरच येईल, तयारी करून जा.