टँकवर शिकले, आता पानशेतला उतरू का?

कर्वेनगरची काकू:
नमस्कार मंडळी. वय ५४. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा डॉक्टर म्हणाले, पोहायला लागा. आयुष्यात कमरेच्या वर पाण्यात गेले नव्हते. मार्चमध्ये लेडीज बॅच लावली. पहिले आठ दिवस कठडा सोडला नाही. शेजारी सात वर्षांची चिमुरडी धडाधड सूर मारतेय आणि मी पाण्यात तोंड घालून बुडबुडे काढतेय! आता ब्रेस्ट स्ट्रोकने २५ मीटर न थांबता जाते. परतताना मात्र मधे दोरी धरावी लागते.

झोप छान लागते, जिना चढताना त्रास कमी झालाय. पण पोहून आलं की उजवा गुडघा आतल्या बाजूने ठणकतो. हे काय?

दुसरं, शनिवारी नणंदेकडचे सगळे पानशेतच्या बॅकवॉटरला निघालोत. भाचे म्हणतात, "मामी, आता येतं ना पोहायला, मग उतरायचंच." मी तोऱ्यात हो म्हणून बसलेय.

भटक्या_पुणेकर:
बिनधास्त उतरा काकू! ट्रकच्या टायरची ट्यूब न्या, धमाल येते.

पाठीला डबा:
ट्यूबवाल्या भाऊ, वारा सुटला की ट्यूब काठापासून लांब जाते. हातातून निसटली की माणूस तिच्यामागे जातो. असले सल्ले देऊ नका.

काकू, माझं गाव वेल्ह्याकडचं. पाठीला रॉकेलचा डबा बांधून विहिरीत ढकलला गेलो, तसाच शिकलो. आता बावीस वर्षं पुण्यात रोज सकाळी टँकवर असतो. तरी धरणाच्या पाण्यात मी उगाच उतरत नाही. तिथं पाण्याखाली जुनी भातखाचरं आहेत. गुडघाभर पाण्यातून चालत असता, बांध संपतो आणि पुढचं पाऊल खालच्या खाचरात. पाणी थेट गळ्याशी. त्यात मे महिना. पाणी मागे हटलंय, काठाचा गाळ वरून भेगाळलेला दिसतो, आत लोण्यासारखा. पाय रुतला की काढता काढता दम जातो.

तुमचं पोहणं अजून भिंतीपर्यंतचं आहे, राग मानू नका. मधे दोरी धरता, ती तिथं नाही.

आणि बुडणारा माणूस "वाचवा" म्हणून ओरडतो हे डोक्यातून काढा. माझा चुलतभाऊ आमच्यापासून दहा पावलांवर बुडत होता. उभाच होता, मान मागे, तोंड पाण्याच्या रेषेला, हात बाजूला दाबल्यासारखे. आवाज नाही. आम्हाला वाटलं सोंग करतोय, आम्ही भेळ खात होतो. आजी काठावर धुणं धूत होती, तिला कळलं. तिने ओलं लुगडं फेकलं. नऊवारी! टोक त्याच्या हाताला लागलं, मग आम्ही ओढला. आमच्यापैकी कोणी उडी मारली असती तर दोघं गेले असते, कारण बुडणारा मिठी मारतो. शनिवारी गाडीत लांब दोर आणि झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन ठेवा. दारू पिऊन कोणी पाण्याकडे गेला तर त्याला तिथूनच हाकला.

फिजिओ_सहकारनगर:
गुडघ्याचं सांगते. ब्रेस्ट स्ट्रोकमध्ये बेडकासारखी लाथ मारताना गुडघ्याच्या आतल्या लिगामेंटवर ताण येतो. काही दिवस फ्रीस्टाइल किंवा बॅकस्ट्रोक करा, पाय कमरेपासून हलवा. नाहीतर टँकमध्येच चाला. कमरेइतक्या पाण्यात गुडघ्यांवर साधारण निम्मंच वजन येतं. ठणका राहिला तर डॉक्टरांना दाखवा. जमिनीवरचं चालणं पूर्ण सोडू नका, हाडांवर भार पडायला हवा, तो पोहण्यात पडत नाही.

वरच्या काकांना जोडून एक: बाहेर काढलेल्या माणसाचा श्वास बंद असेल तर पोट दाबणं, उलटं टांगणं यात वेळ घालवू नका. आधी तोंडाने श्वास, मग छाती दाबणं, आणि त्याच वेळी दुसऱ्याने १०८ लावायचा. टँकवर शिकवतात का विचारा.

कर्वेनगरची काकू:
पाठीला डबा, तुमची आजी डोळ्यांसमोरून जात नाहीये. नणंदेला फोन केला. मी काठावर, पोरं घोट्याच्या वर पाण्यात नाहीत. भाचे रुसलेत. नऊवारी घरात एकच आहे, सासूबाईंची पैठणी, ती देणार नाहीत, म्हणून दोर आणलाय. उद्यापासून बॅकस्ट्रोक. त्यात नाकात पाणी जातं, त्यावर काही उपाय?