अनुभव धागा: कोकणातली कुमार विज्ञानकादंबरी, कशाने धरून ठेवते आणि कुठे सुटते

विषय एकच: बारा ते सोळा वयाच्या वाचकांसाठीची, कोकण किनाऱ्यावर घडणारी विज्ञानकादंबरी. समुद्र चढलेला, गावं हललेली, शाळकरी पोरांच्या हाती एखादं यंत्र लागलेलं, अशा धर्तीची. ज्यांचा रोजचा संबंध पुस्तकांशी, पोरांशी किंवा दर्याशी आहे त्यांनी लिहावं. स्वतःची गोष्ट नको, कामाचं लिहा. काय जमलेलं दिसतं, काय फसतं आणि का?

ग्रंथपाल, देवगड

या पुस्तकांची खरी ओढ यंत्रापेक्षा निर्णयाची असते. होडी सोडायची की थांबायचं हे तेरा वर्षांची मुलगी ठरवते आणि चुकलं तर तीच निस्तरते. घरात, शाळेत कुणी तिला असं काही ठरवू देत नाही, म्हणून पोरं रात्री उशिरापर्यंत वाचत बसतात. पण जगाचा नियम पहिल्या दहा पानांत कळायला हवा. यंत्र काय करतं आणि मुख्य म्हणजे काय करत नाही, हे आधीच ठरलेलं असावं. शेवटाकडे ऐनवेळी त्याला नवीच शक्ती फुटली की पोरं पुस्तक मिटतात, आणि बरोबर करतात.

सगळ्यात मोठा दोष म्हणजे शास्त्रज्ञ काका. पाठलाग रंगात आलेला असतो आणि काका चष्मा पुसत तीन पानं ओझोन समजावतात. मोठ्याने वाचताना मिनिटाला शंभरेक शब्द होतात. सातशे शब्दांचं व्याख्यान म्हणजे सात मिनिटं, तेवढ्यात मागच्या रांगेत चुळबुळ सुरू होते. आधी पंप बंद पडू दे, मग तो का बंद पडला याची दोन वाक्यं येऊ देत. तेवढी माहिती पोरं आनंदाने घेतात.

मच्छीमार सोसायटी, रत्नागिरी

भरती-ओहोटीचं गणित चुकलं की किनाऱ्यावरच्या पोराचा विश्वास उडालाच. नेहमीची चूक अशी: पौर्णिमेची मध्यरात्र, पाणी ओसरलेलं, खडक उघडे, मुलं गुहेत शिरतात. तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. पंधराची पाऊणपट सव्वा अकरा. म्हणजे ज्या वेळी मुलं गुहेत शिरतात त्या वेळी गुहा पाण्याखाली असते, तीही उधाणाच्या पाण्याखाली. ओहोटी त्यानंतर सहा तासांनी, पहाटे पाचच्या सुमारास.

बरं, प्रसंग अष्टमीला नेला तर? आठाची पाऊणपट सहा, म्हणून मध्यरात्री ओहोटी आहे खरी, पण ती भांगाची. पाणी फारसं मागे हटतच नाही, उधाणाला उघडे पडणारे खडक तेव्हा झाकलेलेच राहतात. तेव्हा तिथी पौर्णिमेचीच ठेवा आणि वेळ पहाटेची करा. उलट फायदाच आहे. सहा तासांत पाणी परत चढणार हे वाचकाला माहीत असतं, म्हणजे घड्याळ आपोआप लागतं, वेगळा खलनायक लागत नाही.

दुसरं, त्सुनामी. खोल समुद्रात ट्रॉलरवर डोंगराएवढी लाट कोसळते असं लिहितात. चार हजार मीटर खोलीवर ती ताशी सातशे किलोमीटरने जाते, पण उंची बहुधा मीटरभरही नसते, बोटीला पत्ता लागत नाही. दहा मीटर खोलीवर वेग ताशी छत्तीसवर येतो आणि मागून येणारं पाणी पुढच्यावर चढतं. 28 नोव्हेंबर 1945 ला मकरान किनाऱ्याजवळच्या भूकंपाची लाट मुंबईपर्यंत यायला काही तास लागले होते. कथेसाठी ते तास सोन्यासारखे आहेत.

खारभूमी शेतकरी, पेण

समुद्र चढला की पहिल्याच प्रकरणात घरं बुडवतात. त्याच्या कितीतरी आधी विहीर मचूळ होते आणि भातखाचरं खारावतात. या मधल्या काळावर कुणी लिहीत नाही, आणि खरी कादंबरी तिथेच आहे.

गाव वाचवायला चमकती ऊर्जाभिंत कशाला? बांधातली उघाडी नीट बघा. बांधाच्या पोटात मोरी, मोरीच्या खाडीकडच्या तोंडावर वरून बिजागरीने टांगलेली झडप. भरतीला बाहेरचं पाणी चढतं आणि त्याच दाबाने झडप तोंडावर घट्ट बसते. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. वीज नाही, माणूस नाही. बिघडते कशी? दोन बोटं जाडीचं तिवराचं लाकूड कडेत अडकलं तरी झडप पूर्ण बसत नाही आणि रात्रभर खारं पाणी आत येत राहतं. बाहेरून अडकलेलं लाकूड भरतीत निघत नाही, दाब फार असतो. ओहोटी लागून दोन्हीकडचं पाणी सारखं होतं त्या थोड्या वेळातच काढावं लागतं. जाणाऱ्याचे पाय खाजणाच्या गाळात गुडघ्यापर्यंत रुततात, बूट तिथेच राहतात, कालवं तळवे कापतात. एवढं नीट लिहिलं तर चाळीस पानांचा थरार होतो. त्यातून शेत खारावलंच तर एका पावसात ते गोडं होत नाही, हेही शेवटी येऊ द्या.

स्कूबा प्रशिक्षक, मालवण

सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाण्याखालची प्रयोगशाळा ही कल्पना मस्तच. चुका ठरलेल्या असतात. यंत्रमासा वायफायवर चालवतात. खाऱ्या पाण्यात ते संदेश हातभरही जात नाहीत. केबल लागते, नाहीतर ध्वनिलहरी. ध्वनी पाण्यात सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर जातो, हवेत साडेतीनशेच्या आत. त्यामुळे दोन्ही कानांना आवाज जवळजवळ एकाच वेळी पोचतो आणि बोटीचं इंजिन कुठल्या बाजूला आहे ते कळतच नाही. डोक्यावरून बोट जातेय आणि दिशा लागत नाही, याहून चांगली भीती शोधून सापडायची नाही.

लाल रंग सगळ्यात आधी नाहीसा होतो. वीस मीटरवर जखमेतून येणारं रक्त हिरवट-काळं दिसतं. नायक मात्र लाल धार बघून घाबरतो.

आणि ही चूक तर छापूच नये: टाकीवर श्वास घेणारी मुलगी श्वास रोखून झपकन वर येते. दहा मीटरवरची हवा पृष्ठभागावर येईतो दुप्पट होते, फुप्फुस फाटतं. श्वास सोडत राहायचा, मिनिटाला नऊ मीटरच्या आत वर यायचं, पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं. वाचणारं पोर उद्या खरंच पाण्यात उतरणार आहे.

चमकणाऱ्या लाटाही हमखास असतात. नॉक्टिल्युका हा सूक्ष्मजीव पाणी हललं तरच प्रकाशतो. स्थिर पाण्यावर रात्रभर निळा उजेड पसरत नाही. पण लपलेल्या मुलीने नुसता हात हलवला तरी तिची जागा उघडी पडते, हे कुणीतरी वापरा!

अटल टिंकरिंग लॅब (शाळेतली यंत्रं बनवण्याची प्रयोगशाळा), चिपळूण

थोडक्यात. 18650 प्रकारचा (बोटाएवढा, पुन्हा चार्ज होणारा लिथियम) एक सेल म्हणजे साधारण नऊ वॉट-तास. वीस वॉट खाणारा यंत्रखेकडा त्यावर अर्धा तासही चालणार नाही, सहा सेल घातले तर पावणेतीन तास. खाऱ्या हवेत आधी जोडण्या गंजतात, मोटर नंतर. गोड्या पाण्याने धुणं, वाळवणं, जोडणीवर सिलिकॉन ग्रीस लावणं, हे एका वाक्यात आलं की यंत्र खरं वाटतं.

शिक्षिका, राजापूर

कातळशिल्पं परग्रहवासीयांनी कोरली, हा शेवट आता पुरे. 2022 मध्ये ही ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. ज्यांनी जांभ्याच्या सड्यावर कशेळीचा तो अवाढव्य हत्ती आखला आणि त्याच्या पोटात आणखी प्राणी कोरले, त्या माणसांचं श्रेय आपण कुणा उडत्या तबकडीला का द्यावं? देवाचे गोठणे इथल्या कातळशिल्पाजवळ होकायंत्राची सुई भलती दिशा दाखवते. कथेला धागा हवा तर तो तिथे आहे. दोन मुलं, एक होकायंत्र, मोजपट्टी आणि वही. मीटरमीटरवर सुईचा कोन लिहीत गेलात तर एक प्रकरण सहज उभं राहतं.

भाषाशिक्षक, वेंगुर्ले

आजी मालवणी बोलते आणि नात पाठ्यपुस्तक. धोका समोर असताना नात म्हणते, "पाण्याची पातळी वेगाने वाढत आहे." वेंगुर्ल्याची पोरगी ओरडेल, "गे आये, पाणी इला!" विज्ञान तिनेच बोलायचं असेल तर तेही तिच्याच तोंडी घाला, हसवण्यापुरती मालवणी नको. फक्त हर्णैच्या पोराच्या तोंडी "माका, तुका" घालू नका, तिथली बोली वेगळी. आणि नायक दर वेळी सुट्टीला आलेला पुण्या-मुंबईचाच का असतो? जून-जुलैत मासेमारी बंद, बोटी शाकारलेल्या, शाळा नुकती भरलेली. गावातल्या पोरांकडे दोन महिने रिकामं बंदर असतं. गोष्ट तिथून सुरू करा.